चारशेच्या पेनावरचे आरोप

चिनी शाईपेनाचा विषय निघाला की शौकिनांच्या बैठकीत पहिला शब्द येतो तो ‘चोरी’. बोलणाऱ्याच्या खिशाला बहुधा पांढऱ्या ताऱ्याचं जर्मन पेन, म्हणजे माँ ब्लाँ, लावलेलं असतं. ते नसेल, तर ते घ्यायची इच्छा असते. महागड्या पेनांशी माझं वैर नाही. पण लाखाच्या घरातल्या किमतीचं समर्थन करताना जे मुद्दे पुढे केले जातात, ते तपासून पाहिले की एकेक गळून पडतो. शाईपेनाच्या किमतीतला लिहिण्यासाठीचा भाग किती आणि मिरवण्यासाठीचा किती, हे आजवर कोणी सांगत नव्हतं. चारशे-पाचशे रुपयांच्या चिनी पेनाने ते सांगितलं, आणि खरा राग त्याचाच आहे.

चोरीचा आरोप सगळ्यांत वजनदार, आणि अर्धा खराही. जिनहाओचं 159 हातात घेतलं की माँ ब्लाँचं 149 आठवतंच. तोच जाडजूड सिगारसारखा आकार, तेच काळं अंग, त्याच सोनेरी कड्या. जिनहाओचं 100 हे पार्करच्या ड्युओफोल्डवरून घेतलेलं, त्यांचंच 82 हे सेलरच्या प्रो गिअरवरून, आणि विंग सुंगचं 601 तर पार्कर 51चं जुळं भावंड. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण मग वंशावळ पुरतीच काढू. माँ ब्लाँचं 149 बाजारात आलं 1952 साली. दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा आकार त्याच्या कितीतरी आधी, 1929 साली, अमेरिकेच्या शेफर कंपनीने ‘बॅलन्स’ या पेनात आणला होता. त्याआधीची बहुतेक पेनं म्हणजे सपाट टोकांच्या सरळ कांड्या. बॅलन्स खपलं आणि जगभरच्या कारखान्यांनी आपापल्या कांड्या निमुळत्या करून घेतल्या. पायलट, सेलर, प्लॅटिनम या तिन्ही जपानी घराण्यांकडे आजही काळ्या-सोनेरी सिगारी आहेत. माँ ब्लाँने आपल्या नावाच्या शिखराची उंची, 4810, निबेवर कोरली. प्लॅटिनमने फुजी पर्वताची उंची, 3776, हेच पेनाचं नाव करून टाकलं. त्या जपान्यांना आज कोणी चोर म्हणत नाही, घराणं म्हणतात. नक्कल जुनी झाली की तिला परंपरेचा मान मिळतो, एवढाच त्यातला फरक.

पार्कर 51चा किस्सा तर याहून बोलका आहे. हे पेन 1941 साली विक्रीला आलं. झाकलेली निब, आत शाई साठवून ठेवणारी पातळ चकत्यांची रचना, नुसतं दाबून बसणारं टोपण. त्या काळाच्या मानाने हे यंत्रच होतं. शांघायमधल्या 1931 सालच्या कारखान्याने, जो पुढे ‘हिरो’ नावाने प्रसिद्ध झाला, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पार्करला गाठायचा चंगच बांधला. हिरो 100 आलं, पुढे 616 आलं. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ते सोनेरी टोपणाचं हिरो दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून आलं. पेटंट ही कायमची जहागीर नसते. ठरावीक वर्षं मक्ता, त्या बदल्यात कल्पना पुढे सगळ्यांची, असा तो सौदा असतो. 51ची मुदत कधीच संपली, आणि सत्तरच्या दशकात मूळ कंपनीने ते पेन बंदही केलं.

2021 साली पार्करने 51 पुन्हा बाजारात आणलं तेव्हा काय झालं? टोपण आट्यांचं झालं, आत सर्वसाधारण कार्ट्रिज-कन्व्हर्टर आलं, आणि चेहरा तेवढा आजोबांचा राहिला. दाबून बसणारं टोपण, चकत्यांनी भरलेला पुढचा भाग, मागचा खटका दाबत शाई ओढून घेणारा पंप, हे सगळं विंग सुंगच्या 601मध्ये आहे, तेही कितीतरी कमी पैशांत. वारसाहक्क ज्याच्याकडे आहे त्याने घराचा दर्शनी भाग ठेवला आणि आतली तुळई काढून टाकली. शेजाऱ्याने तुळई जपली. यात चोर कोण, हे ज्याने त्याने ठरवावं.

मात्र अर्धा आरोप खरा आहे असं म्हटलं, ते उगाच नव्हे. ट्विस्बी ही तैवानची लहानशी कंपनी. पारदर्शक अंगाचं, पिस्टनने शाई भरणारं पेन तिने स्वतः डोकं लढवून साध्या माणसाच्या आवाक्यात आणलं. ते पेन आजही बनतं, विकलं जातं, त्यावर त्या कंपनीचं पोट आहे. विंग सुंगचं 3008 सरळ त्याच्यावर बेतलेलं आहे. लामीचं सफारी 1980पासून चालू आहे, आणि हिरोचं 359 त्याच्याकडे पाहूनच घडवलेलं. ही नक्कल मला मान्य नाही, ती पेनं मी घेत नाही, कोणी विचारलं तर घेऊ नका म्हणतो. मेलेल्या पेटंटातून शिकणं निराळं आणि जित्या माणसाच्या ताटातला घास उचलणं निराळं. पण गंमत बघा, चोरी-चोरी म्हणून ओरडणाऱ्यांना ट्विस्बीचं दुःख नसतं. त्यांना पांढऱ्या ताऱ्याची काळजी. ज्याला या नकलेने काडीचा धक्का बसत नाही, त्याच्या वतीने ही मंडळी रडतात. चारशेचं 159 घेणारा माणूस लाखाचं 149 घ्यायला निघाला होता आणि वाटेत फसला, असं कोणाला खरंच वाटतं का?

दुसरा बालेकिल्ला सोन्याच्या निबेचा. पोलादी निबेला ‘पत्रा’ म्हणून नाक मुरडलं जातं. सोनं निबेत आलं ते मुळात मऊ लिहायला नव्हे. लोखंडाचे क्षार घातलेल्या जुन्या शाया आम्लधर्मी असत, साधं पोलाद त्यांनी गंजून जाई, सोन्याला काही होत नसे. स्टेनलेस स्टील आलं आणि ते कारण जवळपास संपलं. शिवाय कागदाला ना सोनं टेकतं ना पोलाद. टेकतो तो टोकावर डकवलेला कठीण मिश्रधातूचा कण. त्याला सवयीने इरिडियम म्हणतात, त्यात आता रुथेनियम, ऑस्मियम, टंगस्टन असं दुसरंच बरंच काही असतं. निब लवचीक असणं तिच्या लांबीवर, जाडीवर आणि वळणावर ठरतं. पार्कर 51चीच सोन्याची निब घ्या, खिळ्यासारखी ताठ आहे. आणि सोनं तरी किती? चौदा कॅरट म्हणजे 58.5 टक्के, अठरा कॅरट म्हणजे 75, आणि सगळी निब जेमतेम ग्रॅमभराच्या आगेमागे. सराफाकडे नेली तर काही हजारांच्या वर तो जाणार नाही. उरलेले हजार कशाचे, हे विचारायचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

त्यातले काही जाहिरातीचे असतात, काही मॉलमधल्या काचेच्या दुकानाचे. काही इटालियन घराण्यांनी वर्षानुवर्षं आपल्या निबा हायडेलबर्गच्या बॉककडून किंवा बर्लिनच्या योवोकडून आणल्या, त्यांवर आपली नक्षी कोरून घेतली. माँ ब्लाँ स्वतःच्या निबा स्वतः करते, तिन्ही जपानीही करतात, आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पण माँ ब्लाँ आता रिशमाँ या समूहाची आहे, ज्याच्याकडे कार्तिए आहे. दागिने आणि घड्याळं विकणाऱ्या घरात पेनाची किंमत कोणत्या हिशेबाने लागणार, हे वेगळं सांगायला नको.

चिनी निबांच्या बाबतीतही लबाडी आहे, ती झाकायचं कारण नाही. निबेवर ठसठशीत ‘18 के’ आणि शेजारी बारीक ‘जीपी’. म्हणजे मुलामा. जर्मनीतल्या इरिडियमचा छाप मारलेल्या स्वस्त निबांचा जर्मनीशी किती संबंध, हेही देव जाणे. या फसवाफसवीची काही गरज नव्हती. पोलादी निब पोलादी म्हणून विकली असती तरी ती खपली असती, कारण ती लिहिते.

लिहिते, पण घेतल्या घेतल्या लिहीलच असं नाही, हा तिसरा आक्षेप. तो मी पूर्णपणे मानतो. नवं चिनी पेन आलं की ते मी आधी भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकलेल्या कोमट पाण्याने धुतो, कारण कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं आणि शाई अडखळते. मग निब भिंगाखाली धरतो. निबेचे दोन फाटे एका पातळीत आहेत का, फट टोकाकडे सारखी निमुळती होते का, निबेखालची काळी जीभ निबेला चिकटून बसली आहे का. एक फाटा केसभर वर असेल तर शिरोरेघ गुळगुळीत जाते, पण ‘ळ’ किंवा ‘ह’च्या वळणावर निब कागद खरवडते, आणि कान तयार असेल तर ती खरखर ऐकूही येते. अंगठ्याच्या नखाने खालचा फाटा हळूच वर रेटायचा, पुन्हा भिंग, पुन्हा एक ओळ. मग पॉलिशच्या अगदी बारीक कागदावर आठाचा आकडा काढत दोन-चार हलके फेरे, जास्त नाहीत, नाहीतर टोकावरचा कण झिजून जातो. पंधरा-वीस मिनिटांचं हे काम ज्याला जमतं त्याला शाईपेन कळतं. ज्याला नको आहे त्याने चिनी पेन घेऊ नये, हे स्पष्टच सांगितलं पाहिजे.

पण महागडं पेन हे न करता निर्दोष येतं, हा समज मात्र सोडा. परदेशात नव्याकोऱ्या महाग पेनांच्या निबा घासून-जुळवून देण्यावरच चरितार्थ चालवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे महिनोन्महिने रांग असते. निब जुळवून मिळेल याची खात्री किमतीतच आली असती, तर या लोकांनी दुसरा धंदा पाहिला असता.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. स्वस्त चिनी पेनाचा मुलामा उडतो, आट्यांपाशी चीर जाते, टोपण हवाबंद नसलं की शाई वाळते. पण जुनं हिरो 616 उघडून पाहिलंत तर आत एक मऊ नळी आणि तिच्यावर पत्र्याची पट्टी, बाकी बिघडायला काही नाहीच. दौतीत बुडवा, पट्टी चार-पाच वेळा दाबा, झालं. उलट महागड्या पेनाचा एक पिस्टन दुरुस्त करायला जे बिल येतं, त्यात चिनी पेनांचा डबा भरतो.

मग महाग पेन घ्यायचंच नाही का? घ्यावं, जिथे पैसा माणसाच्या हाताला जातो तिथे. जपानात माकी-ए पद्धतीची पेनं होतात. रोगणाचे थरावर थर, प्रत्येक थर वाळवणं, घासणं, त्यावर ओल्या रोगणात सोन्याची पूड भुरभुरून चित्र उठवणं. एका पेनाला महिने लागतात आणि खाली कारागिराची सही असते. त्याची किंमत कितीही सांगा, मी मान खाली घालीन. पायलटच्या कस्टम 823सारख्या पेनाचे पैसेही मला पटतात, त्यात नव्याने डोकं चालवून केलेलं काम दिसतं. प्रत्येक महागडं पेन या तोलाचं असतं, हे मात्र मला मान्य नाही.

आणि चिनी पेनाने दिलेलं एक सुख महाग पेनाला कधी देता येणारच नाही. ते बिनधास्त वापरता येतं. ते लोकलच्या गर्दीत खिशाला लावता येतं, वर्गात मुलाच्या हाती देता येतं. निब वाकली तर नवी बसवता येते, आणि आपल्याला तिरकी निब हवी तर घासून बघायची हिंमत होते. लाखाचं पेन बँकेत सही करायलाही कोणी दुसऱ्याच्या हातात देत नाही. शाई घेण्याचा, निब बदलण्याचा, अक्षर वळवून पाहण्याचा नाद आज ज्या पोरांना लागला आहे, त्यातल्या बऱ्याच जणांचा तो जिनहाओपासून सुरू झाला. उद्या यांच्यातलेच काही जण महाग पेनांचे गिऱ्हाईक होतील, याचे आभार कोणी मानत नाही.

राहिला देशाचा मुद्दा. 2020च्या भारत-चीन सीमासंघर्षानंतर तो जोरात निघतो. चीनला पैसा का द्यायचा? प्रश्न रास्त आहे, पण जर्मन पेन मिरवत तो विचारणाऱ्याने 2009 आठवावं. त्या वर्षी माँ ब्लाँने गांधीजींच्या नावाने पेन काढलं. दांडीयात्रेच्या 241 मैलांसाठी 241 नग, एकेकाची किंमत अकरा लाखांच्या वर. केरळच्या उच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि भारतातली विक्री थांबवावी लागली. गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेतून जन्मलेलं पेन आपल्याकडे होतंच, राजमहेंद्रीच्या रत्नम यांचं, 1932पासूनचं. एबोनाइटच्या कांड्या लेथवर हाताने कातणारे तिरुवल्लूरचे रंगा आहेत, मुंबईचं एअरमेल आहे. स्वदेशी हवं असेल तर ही नावं घ्या, मीही तुमच्याबरोबर येतो. चीनला नाही म्हणून पैसा माँ ब्लाँच्या हॅम्बुर्गला पाठवणं हे स्वदेशीत कुठे बसतं, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. शाई मात्र मी कॅम्लिनचीच भरतो, दांडेकरांची म्हणून लहानपणापासून. आणि तिच्या नावामागेही 2011पासून कोकुयो ही जपानी कंपनी आहे.