भातुकलीतली सासू

परवा वस्तीतल्या बालवाडीत भातुकली रंगली होती. पाच वर्षांची एक चिमुरडी ‘सासू’ झाली होती आणि ‘सुने’च्या वरणात गुपचूप मीठ ओतत होती! मी चरकलेच. हे कुठून शिकलीस, असं विचारायची गरजच नव्हती. रात्रीच्या मालिका आपल्या मांडीवर बसून मुलंही बघतातच की!

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ लागायची. २००१मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आली. आजोबा आणि नातवंडं, दोघांनाही त्यात आपलं काहीतरी सापडायचं. आता वाहिन्या ढीगभर, पण मुलांच्या वाट्याला एकतर कार्टून, नाहीतर कारस्थानं! वाहिन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. मैत्रिणींनो, रोज अर्धा तास तरी आपली मालिका बंद ठेवून मुलांच्या जोडीनं काही चांगलं बघूया का? मी घरापासूनच सुरुवात केलीय.