पंधरा पेल्यांची मर्यादा

कार्निव्हल ही क्रूझ जहाजे चालवणारी अमेरिकेतील बडी कंपनी. तिच्या जहाजावर दारूचे पॅकेज विकत घेणाऱ्या प्रवाशाला चोवीस तासांत दारूचे १५ पेले मिळतात. सोळावा मागितला तर मिळत नाही. कंपनीच्या भाषेत ही मर्यादा आहे. त्याच जहाजाच्या कप्तानाला आणि अधिकाऱ्यांना मात्र आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे : कामावर असताना रक्तातील अल्कोहोल ०.०५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. म्हणजे दारू माणसाचे काय करते, हे जहाजाच्या मालकाला पक्के ठाऊक आहे. ज्याच्या हाती सुकाणू आहे त्याने शुद्धीत राहायचे. ज्याच्या हाती पाकीट आहे त्याला सूट.

अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत 'क्रूझ' हा शब्द वरचेवर दिसू लागला आहे. कुणाला सुट्टीत मुलाबाळांसह मुंबईहून गोवा-लक्षद्वीप फिरायचे आहे, कुणाचा मुलगा बोटीवर नोकरीला निघाला आहे. प्रश्न दोघांचाही एकच : तिथे दारूचा सुळसुळाट असतो म्हणतात, ते कितपत खरे? आणि आपण आपले दूर राहिलो तर काय बिघडते?

सुळसुळाट खरा आहे. तो चार बेताल प्रवाशांमुळे आहे, ही समजूत मात्र खरी नाही. क्रूझच्या धंद्याची बांधणीच तशी आहे. तिकीट स्वस्त ठेवायचे, माणूस एकदा चढला की त्याच्याकडून वरचा पैसा काढायचा. कार्निव्हल समूहाचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे २,१६० कोटी डॉलर होते. त्यातील एक-तृतीयांशाहून अधिक पैसा तिकिटांखेरीज आला : बार, कसिनो, दुकाने, बंदरावरच्या सहली, इंटरनेट. पॅकेजची गंमत अशी, की एका खोलीतल्या एका प्रौढाने ते घेतले तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावे लागते. रॉयल कॅरिबियन कंपनीचा नियमही याच धर्तीचा आहे. एकाच्या पॅकेजवर दोघांनी पिऊ नये, हे त्यामागचे कारण. आजारपण वगैरे सांगून सूट मागता येते, पण ती मागावी लागते. न पिणाऱ्याने कारण द्यायचे आणि पिणाऱ्याने नुसती सही करायची, असा हा उलटा न्याय.

बाहेरची दारू आणायला या जहाजांवर बहुतांशी बंदी असते. सामान तपासतात, बाटली सापडली तर काढून घेतात. मग लोक शांपूच्या बाटलीतून दारू नेतात. त्यासाठी खास पिशव्याही बाजारात मिळतात. ही बंदी वाचून एखाद्याला वाटेल, वा, किती शिस्त! पण ही बंदी दारूवर नसून दुसऱ्याच्या दुकानातल्या दारूवर आहे.

हे आजचे नाही. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. तेव्हा न्यूयॉर्कहून अशी जहाजे सुटत ज्यांना कुठेच जायचे नसे. अमेरिकेच्या कायद्याची हद्द ओलांडायची, बार उघडायचा, दोन-तीन दिवस पिऊन परत यायचे. युरोपात याचा वेगळा अवतार आजही चालतो. स्वीडन आणि फिनलंडच्या दरम्यान ऑलंड नावाची बेटे आहेत. ती युरोपीय संघाच्या करक्षेत्राबाहेर असल्यामुळे तिथे थांबून जाणाऱ्या बोटींवर करमुक्त दारू विकता येते. १९९९ साली युरोपीय संघाने आपल्या देशांमधल्या प्रवासातली ही सवलत बंद केली. तेव्हापासून स्टॉकहोम-हेलसिंकी मार्गावरच्या मोठमोठ्या बोटी रात्री ऑलंडच्या धक्क्याला थोडा वेळ लागतात आणि निघून जातात. तेवढ्या थांब्यावर करमाफी टिकून आहे. समुद्र म्हणजे जिथे किनाऱ्याचा कायदा पोहोचत नाही ती जागा, हे दारू विकणाऱ्यांनी खलाशांच्याही आधी ओळखले असावे!

आता परिणाम पाहा. जुलै २०१९ मध्ये पी अँड ओ कंपनीचे 'ब्रिटानिया' हे जहाज नॉर्वेहून साउदॅम्प्टनला परतत होते. रात्री सूटबूट घालून जेवण झाले, दुपारपासून पिणे चालूच होते, आणि पहाटे उपाहारगृहात कुटुंबेच्या कुटुंबे एकमेकांवर तुटून पडली. प्लेटा आणि खुर्च्या हत्यारे झाल्या. सहा जण जखमी झाले, बाकीचे लोक भीतीने लपून बसले. बंदरात पोहोचल्यावर पोलिसांनी दोघांना अटक केली. हे कोणी गुंड नव्हते, हे लक्षात घ्या. बायकामुलांसह सुट्टीवर आलेले घरंदाज लोक होते. सूरह माइदामध्ये दारू आणि जुगार यांचा उल्लेख जोडीने आला आहे, आणि कारण सांगताना माणसामाणसांत पडणारे वैर आणि द्वेष आधी आला आहे; अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून दूर जाणे त्यानंतर. क्रूझ जहाजावर बार आणि कसिनो यांत अनेकदा एका जिन्याचे अंतर असते.

रस्त्यावर मारामारी झाली तर माणूस घरी पळून जाऊ शकतो, पोलिसांना फोन करू शकतो. समुद्रावर दोन्ही नाही. जहाज नोंदलेले असते पनामा किंवा बहामाजमध्ये, प्रवासी असतात भलत्याच देशांचे आणि जहाजावर असतात फक्त कंपनीचे सुरक्षारक्षक. अनेक वर्षे तक्रारी दाबल्या गेल्यावर अमेरिकेने २०१० साली कायदा केला. अमेरिकेच्या बंदरांत ये-जा करणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांचा कठडा किमान ४२ इंच उंच हवा, खोलीच्या दाराला बाहेरचे दिसण्यासाठी भिंग हवे, गंभीर गुन्हा घडला तर एफबीआयला कळवले पाहिजे, आणि बलात्काराच्या तपासणीचे साहित्य व प्रशिक्षित माणूस जहाजावर हवा. दाराला भिंग असावे हे कायद्यात लिहावे लागते, यावरून काय ते समजा. या कायद्याखाली जे आकडे जाहीर होतात त्यांत सर्वात जास्त नोंदी लैंगिक अत्याचाराच्या असतात. प्रत्येक घटनेमागे दारूच असते असे आम्ही म्हणणार नाही. पण सहलीला एकट्याने निघालेल्या मुलीच्या आईबापांनी हे ठाऊक ठेवावे.

आपल्याकडे मुंबईहून क्रूझ म्हटले की लोकांना ऑक्टोबर २०२१ ची 'कॉर्डेलिया'वरची धाड आठवते. एका नामवंत अभिनेत्याच्या मुलाला अटक झाली, त्याचे नाव महिनाभर चघळले गेले. मे २०२२ मध्ये त्याच यंत्रणेने त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे सांगून त्याला आरोपपत्रातून वगळले. ती बातमी किती जणांनी तितक्याच चवीने वाचली? असो. अमली पदार्थांवर इतका गदारोळ झाला, पण बारविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. कारण बार कायदेशीर आहे आणि जाहिरातीत त्याच्याच शेजारी जैन जेवणाची सोय आणि मुलांची घसरगुंडी असते.

लक्षद्वीपच्या सहलीत तर मोठा विरोधाभास आहे. तिथली वस्ती जवळजवळ सगळी मुसलमानांची, आणि बंगाराम हे पर्यटकांचे बेट सोडले तर तिथे दारूबंदी. मोठे जहाज उथळ पाण्यामुळे दूर नांगर टाकते, प्रवासी होडीने बेटावर जातात, मशिदी आणि माड पाहतात आणि संध्याकाळी पुन्हा जहाजावर. बेटाच्या लोकांनी स्वतःसाठी जो नियम ठेवला आहे, तो पाहुण्यांसाठी दिवसापुरता.

मग दारूशिवाय असे जहाज चालूच शकत नाही का? सौदी अरबस्तानच्या 'अरोया' या कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये जिद्दाहून पहिली सफर सुरू केली. हे जहाज ३,००० हून अधिक प्रवाशांचे आहे, आणि त्यावर बार नाही, कसिनो नाही. नाटक, पोहण्याचे तलाव, खाणेपिणे, मुलांचे खेळ सगळे आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात ते इस्तंबूलहून भूमध्य समुद्रातही फिरले. अर्थात त्यामागे सौदी सरकारचा पैसा आहे. बारच्या कमाईशिवाय ते किती वर्षे तग धरते ते दिसेलच. पण दारू नसेल तर सहलीला मजा नाही, हे म्हणणे तरी आता कोणी करू नये. खरे तर आपल्या वडीलधाऱ्यांना हे सांगायलाच नको. मुंबईहून जिद्दाला हाजींना नेणाऱ्या मोगल लाइनच्या बोटींचा प्रवास आठवडाभराहून जास्त चाले, आणि १९९५ पर्यंत लोक समुद्रमार्गे हजला गेले. कंटाळा आला म्हणून कोणी बोटीवर खुर्च्या फेकल्या नाहीत.

त्याच बोटींवर आमच्या कोकणातली माणसे सारंग होती, भंडारी होती, बटलर होती. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांची पक्की भिंत 'बोटीवरच्या' पैशाने उभी राहिली! म्हणून मुलाने बोटीवर जाऊच नये, असे आम्ही कधीही म्हणणार नाही. एका भगिनीने लिहिले आहे की मुलाला 'बार वेटर' म्हणून पत्र आले आहे, एजंट म्हणतो आधी चढू दे, मग खाते बदलून मिळेल. वडील म्हणतात, तो स्वतः पीत नाही ना, मग झाले.

बार वेटरचे काम काय असते ते आधी समजून घ्या. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर पेल्याच्या किमतीवर साधारण १८ ते २० टक्के सेवाशुल्क लावतात आणि त्याची कमाई बहुधा अशाच रकमेवर अवलंबून असते. म्हणजे पेला भरून देणे एवढेच त्याचे काम नाही. रिकामा झालेला पेला पाहून दुसरा सुचवणे हेही काम आहे. ज्याचा तोल गेला आहे त्याला 'आता बस' म्हणायचे तर शिवी त्यानेच खायची, आणि न म्हणावे तर पुढच्या प्रकाराला हातभार लावल्यासारखे. नियमाप्रमाणे दिवसाला किमान १० तास विश्रांती मिळाली पाहिजे, म्हणजे एखाद्या दिवशी उरलेले १४ तासही हेच चालू शकते, आणि तेही आठवड्याची सुट्टी न घेता, सहा-आठ महिने. आणि ज्या प्रवाशाने रात्री ओकारी केली त्याची खोली सकाळी कोण धुतो? तोही आपल्यासारख्याच कुणाचा तरी मुलगा.

फतवा देणे आमचे काम नाही, तो आपल्या भागातील आलिमांना विचारावा. पण दारूच्या संदर्भात ज्या दहा जणांचा धिक्कार हदीसमध्ये आला आहे, त्यांत पिणारा एकच आहे. वाहून नेणारा, ओतून देणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा हे सगळे त्यात आहेत. 'तो स्वतः पीत नाही' या उत्तरात हे चार जण बसत नाहीत.

आमचा सल्ला असा. जहाजावर स्वयंपाकघर आहे, धुलाईघर आहे, खोल्यांची देखभाल आहे, इंजिन आणि डेक आहे. पगार सुरुवातीला कमी असेल. वरकमाई तर नक्कीच कमी. तरी करारावर त्याच खात्याचे नाव छापून घ्या. 'मग बदलून मिळेल' हे एजंटचे तोंडी बोलणे आहे, जहाजावर कागदच चालतो. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का, ते महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार मना आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखल्याचा खर्च तेवढा आपला. त्याउपर एजंट दोन-तीन लाख मागत असेल तर करारावर कुठलेही खाते लिहिलेले असो, सही करू नका.