दुसऱ्या बेसची घाई कशाला?

बेस गिटार शिकायला लागून सहा-आठ महिने झाले, चार-दोन गाणी बोटांत बसली, की बऱ्याच मुलांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. घरी इलेक्ट्रिक बेस आहे, आता एक अकूस्टिक बेसही घ्यावा का? अ‍ॅम्प नको, वायर नको, उचलला की वाजवला! माझे उत्तर सरळ आहे. शिकाऊ वादकाने घेऊ नये, निदान अजून तरी नको. हे उत्तर कंजुषीतून आलेले नाही. त्याची कारणे सांगतो.

आपल्या घरांत संगीत असावे की नसावे, यावर मतभेद आहेत. तो वाद मोठा आहे आणि आजचा विषय तो नाही. ज्या घरात मुलाच्या हाती पहिला बेस आलेलाच आहे, त्या घरातल्या पुढच्या प्रश्नाबद्दल मी बोलतो आहे.

मी वादक नाही, भाषा शिकवणारा माणूस आहे. माझा भाचा आमच्याकडे राहून कॉलेज करतो आणि बेस शिकतो, म्हणून या वाद्याची ओळख झाली. सुट्टीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करून त्याने थोडे पैसे जमवले आणि म्हणाला, "मामू, अकूस्टिक घेतला तर लाईट गेली तरी रियाज चालेल, आणि मित्रांबरोबर गच्चीवरही वाजवता येईल." ऐकायला हे पटते. पण यातल्या पहिल्या कामासाठी नवे वाद्य लागत नाही, आणि दुसरे काम ते वाद्य नीट करत नाही.

का करत नाही? बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपने होतात. साध्या गिटारच्या सगळ्यात जाड तारेची 82 होतात. म्हणजे बेस बरोबर एक सप्तक खाली बोलतो. इतक्या खालच्या स्वराची हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब असते. विजेच्या मदतीशिवाय एवढी लाट जोराने ढकलायची तर वाद्याचे पोट मोठे लागते. ऑर्केस्ट्रातला डबल बेस माणसाएवढा उंच असतो तो उगाच नव्हे. आपल्याकडचा सूरबहारही सतारीपेक्षा थोराड असतो. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांचे गुरुकुल पनवेलजवळ पळस्पे इथे होते. रुद्रवीणेचा आवाज आणखी खोल व्हावा म्हणून त्यांनी तिचे भोपळे मोठे करून घेतले. खर्ज हवा तर जागा द्यावी लागते, हा सगळीकडचा नियम आहे.

अकूस्टिक बेस मात्र मांडीवर घेऊन वाजवायचा असतो, त्यामुळे त्याचे पोट मोठ्या गिटारएवढेच ठेवावे लागते. बंद खोलीत एकट्याने वाजवला तर तो गोड वाटतो. शेजारी एकाने प्लेक्ट्रमने साधी गिटार छेडायला सुरुवात केली, की बेस दबतो. गच्चीवर चार जण गायला लागले तर तो वाजवणाऱ्यालाच ऐकू येईल.

ही अडचण बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती. अमेरिकेत अर्नी बॉल यांनी 1972 मध्ये 'अर्थवूड' नावाचा अकूस्टिक बेस बाजारात आणला. मेक्सिकोतल्या मारियाची मंडळींचे गिटारोन हे फुगीर पोटाचे वाद्य त्यांच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्यांनीही आपल्या बेसचे पोट चांगलेच खोल ठेवले. पुढे 1989 मध्ये एमटीव्हीचा 'अनप्लग्ड' हा कार्यक्रम सुरू झाला आणि असे बेस लोकांच्या नजरेत भरले. पण कार्यक्रमाच्या नावावर जाऊ नका. मंचावरच्या बेसचा आवाजही पिकअप, माइक आणि स्पीकरमधूनच लोकांपर्यंत जातो. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अकूस्टिक बेसना पिकअप आणि वायर जोडायचे भोक असतेच. म्हणजे अ‍ॅम्प टाळण्यासाठी घेतलेले वाद्य चार माणसांत वाजवायचे तर पुन्हा अ‍ॅम्पच लागतो.

शिकणाऱ्यासाठी याहून गंभीर गोष्ट सवयीची आहे. आवाज पुरत नाही म्हटल्यावर हात आपोआप जोर लावतो. या बेसच्या तारा बहुधा जाड आणि उंच असतात, त्यामुळे डावा हातही जास्त दाबतो. बेस वाजवण्याची खरी मेहनत सारख्या वजनाने छेडण्यात आणि स्वर वेळेवर थांबवण्यात आहे. ती बसण्याआधीच जोर लावायची सवय लागली, तर नंतर ती मोडायला वर्ष जाते. वर्गात चुकीचे वळण पडलेले अक्षर सुधारताना काय होते, हे आम्हा मास्तरांना विचारा.

मग लाईट गेल्यावर काय करायचे? इलेक्ट्रिक बेस विजेशिवायही वाजतो, फक्त हळू वाजतो. शांत खोलीत बोटांचा सराव तेवढ्यावर होतो. त्याचे टोक लाकडी कपाटाला हलकेच टेकवले तर कपाटही घुमते आणि आवाज वाढतो. हेडफोनला जोडायचा बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प मिळतो, तोही दुसऱ्या बेसच्या किमतीच्या एका हिश्श्यात. दोन खोल्यांच्या घरात, बाजूला अम्मी झोपलेली असताना, अकूस्टिक बेसपेक्षा हेडफोनच सोयीचा. शिवाय त्यात स्वर जसा आहे तसा ऐकू येतो, त्यामुळे जोर लावायचा मोहही होत नाही.

जेम्स जेमर्सन हे नाव बेस शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडते. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या 1960 च्या दशकातल्या असंख्य गाण्यांत बेस त्यांचा आहे. त्यांची सुरुवात डबल बेसवर झाली, पण त्यांना ओळख दिली ती 1962 च्या एका फेंडर प्रिसिजनने. छेडायला मुख्यतः उजव्या हाताची तर्जनी, आणि तारा तुटेपर्यंत त्याच. नव्या वाद्याने नवे सुचेल असे वाटते तेव्हा हा माणूस आठवावा.

आता माझ्या विषयाचे दोन शब्द. उर्दूत 'शौक' म्हणजे ओढ, आतून लागलेली आस. मराठीत येता येता 'शौकीन' माणूस बऱ्याचदा खर्चिक, चैनी माणूस झाला. दुसरा शब्द 'रियाज'. अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी कसरत, अंगाला वळण लावणे आहे. त्याचा सख्खा भाऊ 'रियाजत' म्हणजे तर तपश्चर्याच. दुकानात वस्तू मिळते. रियाज विकत मिळत नाही, आणि कंटाळा आला की नेमके दुकान आठवते. शिकण्यात सहा-आठ महिन्यांनी एक सपाट रस्ता येतो. प्रगती दिसेनाशी होते, आणि त्याच सुमारास दुसरा बेस डोळ्यांत भरतो. हा योगायोग नसतो.

हातात पैसे असतील तर आधी आहे तो बेस जाणकाराकडून नीट लावून घ्यावा. दांडीचा बाक, तारांची उंची, स्वरांचा मेळ या तीन गोष्टी पाहिल्या की तेच वाद्य निम्म्या कष्टात वाजते. आपल्या पावसाळ्यात लाकूड हलते, म्हणून हे वर्षातून एकदा करावेच. मग तारांचा नवा जोड, हेडफोनचा अ‍ॅम्प, उरलेल्या पैशांत काही महिन्यांची शिकवणी, आणि इतरांबरोबर वाजवायला जायचे बसभाडे. हे शेवटचे सर्वांत मोलाचे आहे. बेस हे सोबतीचे वाद्य आहे. ढोलकी, ड्रम, गायक, कुणीतरी समोर असल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही.

अकूस्टिक बेस वाईट वाद्य आहे असे माझे म्हणणे नाही. त्याच्या लाकडाचा एक वेगळा सुगंधी स्वर आहे. दोन-तीन वर्षे हात बसला, एखाद्या गिटार-गायकाबरोबर नेमाने बैठका होऊ लागल्या, आठवडाभर कुणाचा तरी उसना आणून वाजवला आणि तोच स्वर हवा असे कानाने सांगितले, तर खुशाल घ्यावा. त्या दिवशी घ्यावा की नाही, हे कुणाला विचारायची गरजही पडणार नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलाने दुसरे वाद्य मागितले तर "कसले हे चोचले!" म्हणून तोंड फिरवू नका. त्याला समोर बसवा आणि म्हणा, पहिल्यावर एक गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता ऐकव. त्याला प्रश्नाचे उत्तर बहुधा वाजवता वाजवताच मिळेल.