मदतीचाही हिशेब असतो

पुराची किंवा भूकंपाची बातमी आली की दुसऱ्याच दिवशी बाजारात पावतीपुस्तके फिरू लागतात. दुकानासमोर टेम्पो उभा राहतो. टेम्पोवर फलक, फलकावर सात-आठ जणांची छायाचित्रे. "शेठ, माणुसकीचा प्रश्न आहे, जे असेल ते द्या." आम्ही देतो. जे असेल ते देतो. आणि बिघडते ते इथेच.

आम्ही सोलापूरचे कापडवाले. मदतीच्या सामानात सर्वांत जास्त वाटोळे कशाचे होत असेल तर ते कापडाचे. म्हणून या विषयावर चार शब्द बोलण्याचा आमचा हक्क आहे, असे आम्ही समजतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सोलापूरची घरेही हादरली होती. किल्लारी इथून शंभरेक किलोमीटर. लातूर आणि त्यावेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे दगडमातीखाली गेली, हजारो माणसे झोपेतच दगावली. आम्ही तेव्हा नुकतेच वालिदांच्या हाताखाली पेढीवर बसू लागलो होतो. बाजारातून ट्रक निघाला, त्यात आम्हीही चढलो. तिकडे पाहिले तर रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग पडलेले. वरून पाऊस, खाली चिखल. त्या ढिगात पाश्चात्त्य फ्रॉक होते, बटणे तुटलेले कोट होते, एकेका पायाचे बूट होते. एक म्हातारी आमच्या ट्रकजवळ आली. आम्ही तिच्या हातात साडी दिली. तिने ती उलगडून पाहिली आणि म्हणाली, "बाबा, ह्ये झुळझुळीत मी कुठं नेसू? लुगडं असंल तर दे." जन्मभर नऊवारी नेसलेली बाई ती. आमच्या अख्ख्या ट्रकात एक लुगडे नव्हते. साड्या होत्या, पण परकर-पोलके कोणी दिले नव्हते.

खोटे कशाला बोलावे? ती झुळझुळीत साडी आमच्याच दुकानातली होती. दोन वर्षे फळीवर पडून राहिलेले नायलॉनचे गठ्ठे आम्ही ट्रकात चढविले होते. आम्ही दान केले नव्हते, गोदाम मोकळे केले होते. आणि ज्या संस्थेचा ट्रक होता, तिने एकदाही विचारले नाही की, "शेठ, हा माल तिथे कोण नेसणार?" संस्थेला ट्रक भरायचा होता, आम्हाला फळी रिकामी करायची होती.

यातून पुढे कोणी काही शिकले म्हणावे, तर तसेही नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे असेच ढीग रस्त्यावर पडले. ज्या कोळ्यांची नाव गेली, जाळे गेले, त्यांच्या दारात देशभरातून उतरलेले वापरलेले कपडे. त्या कपड्यांची वर्गवारी करून ते कामी लावण्याचे काम दिल्लीच्या 'गूंज' या संस्थेने हाती घेतले. म्हणजे काम करता येते. निवडावे लागते, धुवावे लागते, कोणाला काय हवे ते विचारावे लागते. त्याला मेहनत लागते आणि त्या मेहनतीचे छायाचित्र फारसे चांगले येत नाही, एवढेच.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला. पंचगंगेचे पाणी इचलकरंजीत शिरले. तिथे आमचा एक जुना व्यवहारातला माणूस आहे, चार यंत्रमागांचा मालक. मालक कसला, स्वतःच माग चालविणारा कारागीर. मोटारी पाण्यात बुडाल्या, भीम कुजले, सुताचा चिखल झाला. पाणी ओसरल्यावर त्याच्या घरी ब्लँकेटे आली, बिस्किटांचे पुडे आले, तीन बादल्या आल्या. तो आम्हाला म्हणाला, "भाईजान, पहिले आठ दिवस त्या बिस्किटांनी पोरे जगली, नाही कसे म्हणू? पण नंतर मोटारी रिवाइंड करायला कोणी पैसे दिले असते, एका भिमाचे सूत उधार मिळवून दिले असते, तर मी पंधरा दिवसांत स्वतःच्या हाताने कमावले असते." त्याला हे विचारायला एकही संस्था गेली नाही. त्याने अखेर व्याजाने पैसे काढले. एका कारागिराला सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचविणे ही मदत नाही काय?

आता हिशेबाची गोष्ट. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमच्यासारखेच दुकानदार, माल डोळ्यांदेखत बुडाला. आमच्या गल्लीतल्या दुकानदारांनी मिळून चांगली रक्कम एका संस्थेकडे दिली. चार महिन्यांनी आम्ही तिघे-चौघे अदबीने विचारायला गेलो की, जमा किती झाले, खर्च कशावर झाला, शिल्लक किती? आम्हाला छायाचित्रांचा अल्बम दाखविण्यात आला. आम्ही पुन्हा विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "अल्लाहच्या वाटेत दिलेल्याचा हिशेब मागता काय?" आम्ही खाली मान घालून परत आलो. आजतागायत तो हिशेब मिळालेला नाही.

याचा परिणाम काय झाला, तेही ऐका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळकडची गावे पाण्यात गेली, शेतातली माती खरवडून गेली. आमच्या दाराशी असलेली ही माणसे. पावतीपुस्तक फिरले, तर निम्म्या दुकानांनी हात आखडला. "मागच्याचे काय झाले?" असे जो तो विचारू लागला. त्या संस्थेचे काहीच गेले नाही. गेले ते सीनाकाठच्या माणसाचे, ज्याला चिपळूणच्या हिशेबाची काही कल्पनाही नव्हती.

सगळ्याच संस्था अशा आहेत, असे आमचे म्हणणे नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरून, स्वतःच्या खिशातून डिझेल घालून काम करणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. परंतु त्यांचा हिशेब लिहिला गेला नाही तर प्रामाणिक कोण आणि लबाड कोण, हे ओळखायचे कसे? दियानतदार माणसाला हिशेबाची भीती नसते. उलट हिशेबच त्याची इज्जत राखतो. आणि धर्माचे नाव पुढे करणाऱ्यांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश सूरह बकरामध्येच आहे. दोघांच्या उधारीसाठी लेखणी लागते, तर शेकडो लोकांच्या अमानतीसाठी ती नको काय? आणि निकामी वस्तू दानासाठी निवडू नका, हा आदेशही त्याच सूरहमध्ये आहे. तो आम्हा व्यापाऱ्यांसाठी आहे.

तेव्हा व्यापारी बंधूंनो, दोष निम्मा आपलाही आहे. पाच हजारांचा माल उधार देताना आपण गिऱ्हाइकाची सात पिढ्यांची चौकशी करतो. बिल, चलन, बिल्टी यांशिवाय गाठ हलवीत नाही. मदतीचे नाव निघाले की हे सारे शहाणपण गल्ल्यात ठेवून देतो. ते बाहेर काढण्याची वेळ आली आहे.

पहिली गोष्ट, मागणी विचारल्याशिवाय माल देऊ नये. कोणते गाव, किती घरे, बायका काय नेसतात, मुले किती वयाची, ही यादी संस्थेने आणावी. यादी नसेल तर ट्रकही नसावा. दुसरी, जिथे बाजार चालू आहे तिथे माल न नेता पैसे न्यावेत आणि खरेदी तिथल्याच दुकानातून करावी. फुकटच्या मालाचे ट्रक उतरले की पुरातून वाचलेल्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट कराची. पुष्कळांना वाटते की, माल दिला म्हणजे करात सूट मिळते. तसे नाही. प्राप्तिकराची देणगी-सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही. रोखीत २ हजार रुपयांपेक्षा जास्त दिल्यास तीही मिळत नाही, आणि संस्थेला त्यासाठी मान्यता असावी लागते. शिवाय दुकानातला माल फुकट दिला तर त्यावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट परत करावे लागते. म्हणून चेकने द्यावे, पावती घ्यावी.

चौथी, जकातीची रक्कम वेगळी आणि सर्वसाधारण इमदाद वेगळी, असे दोन खाते असावेत. जकात हकदाराच्या हातात पडावी लागते. ती टेम्पोच्या भाड्यात आणि फलकाच्या छपाईत गेली तर जबाब कोण देणार? पाचवी, तीन महिन्यांच्या आत जमा-खर्च एका कागदावर लिहून मशिदीच्या आणि बाजाराच्या फलकावर लावावा. नोंदणीकृत विश्वस्त संस्थेला हिशेब ठेवून तो तपासून घेणे कायद्यानेही बंधनकारक आहे, मग तोच कागद देणगीदाराला दाखविण्यात लाज कसली?

आमच्या गल्लीत आम्ही अकरा दुकानदारांनी ठरविले आहे. पुढच्या वेळी टेम्पो आला की आम्ही दोनच प्रश्न विचारणार, "यादी कुठे आहे?" आणि "मागचा हिशेब कुठे आहे?" दोन्ही असतील तर हात आखडणार नाही, नवा माल देऊ, फळीवर पडलेला नव्हे. त्यात नऊवारीही असेल, परकर-पोलक्यासह.