ज्येष्ठांची बोधगया आणि बंद पडलेली सवलत

गेल्या हिवाळ्यात आम्ही वस्तीतल्या अकरा ज्येष्ठांना घेऊन बोधगयेला जाऊन आलो. मनमाडला हावडा मेल पकडली, गयेला उतरेपर्यंत एक दिवसाहून जास्त वेळ गेला. अकरांपैकी नऊ महिला, सगळ्या साठीपुढच्या. त्यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात लांबचे प्रवास केले ते तीनच: दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि मुलीचे सासर.

पहिली चूक आमचीच झाली. सोबत राहावे म्हणून आम्ही सहा जणांचे एकच तिकीट काढले आणि गुडघेदुखीच्या आजींना वरचा बर्थ मिळाला. एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त ज्येष्ठ असले की खालच्या बर्थचा राखीव कोटा लागू होत नाही, हे आम्हाला गाडीत बसल्यावर कळले. ज्यांना पुढे कुणाला न्यायचे आहे त्यांनी दोघा-दोघांचीच तिकिटे काढावीत.

दुसरी गोष्ट मात्र आमच्या चुकीची नाही. मार्च २०२० पर्यंत रेल्वेत ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के आणि ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के सवलत होती. कोरोनात ती थांबवली. गाड्या पूर्ववत झाल्या, गर्दी पूर्ववत झाली, सवलत आली नाही. ती असती तर आमच्या अकरा जणांत जवळपास पाच तिकिटांचे पैसे वाचले असते, म्हणजे आणखी चार-पाच जणी येऊ शकल्या असत्या. त्या आल्या नाहीत. त्यांतली एक म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू बाळा," आणि तिचे वय ७८ आहे.

सरकारचे म्हणणे असे की प्रत्येक प्रवाशाला भाड्यात आधीच मोठे अनुदान मिळते. पण ते तिशीतल्या नोकरदारालाही मिळते. श्रावणबाळ योजनेच्या महिना १५०० रुपयांवर जगणाऱ्या आजीसाठी जाण्यायेण्याच्या स्लीपर तिकिटातच त्यातला मोठा भाग संपतो. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेही निदान स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये सवलत पुन्हा देण्याचा विचार व्हावा अशी शिफारस केली होती. आपल्या राज्यात एसटी ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. त्यामुळे नागपूरची वारी आजींच्या आवाक्यात आली. राज्याची सीमा ओलांडली की मात्र पूर्ण भाडे.

राज्याची मुख्यमंत्री तीर्थ दर्शन योजना २०२४ पासून आहे. वय ६० पूर्ण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, माणशी ३० हजारांपर्यंतचा खर्च शासनाचा, आणि यादीत बोधगयाही आहे. आमच्या वस्तीत या योजनेचा अर्ज भरलेला एकही माणूस आम्हाला सापडला नाही. उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, आधारवरची जन्मतारीख यांतच सगळे अडते. ज्या पिढीची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी अंदाजाने लिहिली, किंवा जिने शाळाच पाहिली नाही, तिच्याकडून आपण कागद मागतो. जयंतीच्या डीजेसाठी दारोदार फिरणारी आपली मंडळे चार रविवार या अर्जांसाठी फिरली तर?

काही तरुण मित्र आम्हाला विचारतात, आपण कर्मकांड सोडले, मग ही तीर्थयात्रा कशाला? प्रश्न रास्त आहे. पुण्य मिळते म्हणून कुणी जात असेल तर आमचाही त्याला विरोध आहे. पण महापरिनिब्बान सुत्तात लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही चार स्थळे पाहण्याजोगी सांगितली आहेत. आणि ज्या प्रवासात हे सांगितले तो खुद्द तथागतांनी ऐंशीव्या वर्षी, आजारी शरीराने, राजगृहापासून कुशीनारापर्यंत पायी केलेला होता. म्हातारपणी घरात बसावे, हा काही आपला वारसा नाही.

महाविहारात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे तिथला एकही फोटो आमच्याकडे नाही. बोधिवृक्षाजवळ आमच्या बायका पांढऱ्या साडीत बसून त्रिसरण-पंचशील म्हणू लागल्या. शेजारी श्रीलंकेच्या उपासिकांचा गट होता. दुसऱ्या ओळीला त्यांनी सूर मिळवला. उच्चार थोडे वेगळे, शब्द तेच. संपल्यावर दोन्हीकडच्या बायका हसत होत्या, एकमेकींचे हात धरून होत्या, भाषा कुणालाच येत नव्हती. वस्तीच्या पत्र्याच्या विहारात पाठ केलेली पाली समुद्रापलीकडच्या बाईला कळते, हे आमच्या ७१ वर्षांच्या आजींना त्या दिवशी समजले. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, नुसत्या बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही महाविहार मुक्तीच्या आंदोलकांमध्ये जाऊन बसलो. १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष गयेचे जिल्हाधिकारी, हे आम्ही समजावून सांगितले. हा कायदा रद्द व्हावा म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून हे आंदोलन नव्याने उभे राहिले आहे. आजींनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग आपल्या विहाराच्या चाव्या कलेक्टरकडं कशाला?" आमच्या दोन वर्षांच्या भाषणांत हा प्रश्न इतक्या सरळ कधी आला नव्हता. परतल्यावर त्यांनी वर्षावासाच्या प्रवचनासारखी बैठक मारून सगळ्या गल्लीला हे सांगितले. आमच्या पत्रकांनी जे झाले नाही ते झाले, पुढच्या सभेला बायका आपणहून आल्या.

म्हणून ज्येष्ठांचा प्रवास हा चळवळीचाच खर्च आहे असे आम्ही मानतो. आपल्या भागातल्या खासदारांकडे रेल्वे सवलतीचे निवेदन द्यायला निघालेले शिष्टमंडळ आम्ही अजून पाहिलेले नाही. निळ्या झेंड्याखाली ते का निघू नये?

आमच्याकडे तीर्थ दर्शनचे चौदा अर्ज तयार आहेत. चार जणींचे उत्पन्नाचे दाखले अजून आलेले नाहीत, सोमवारी पुन्हा जायचे आहे. ७८ वर्षांच्या त्या आजींचा अर्ज सगळ्यात वर ठेवला आहे. बोधगया पाहून आलेल्या ७१ वर्षांच्या आजी आता रोज विचारतात, कुशीनगरला कुठली गाडी जाते.