कंत्राटदाराला 1 टक्का नव्हे

महोदय,

लहान कंत्राटदारांनी जीएसटीची कंपोझिशन योजना बिनदिक्कत घ्यावी, कारण कर अवघा 1 टक्का, हे आपल्या अंकातील मत दिशाभूल करणारे आहे. 1 टक्का व्यापारी आणि उत्पादकांसाठी आहे. साहित्यासह घेतलेले बांधकामाचे कंत्राट कायद्याने सेवा ठरते; तिथे दर 6 टक्के आणि उलाढालीची मर्यादा दीड कोटी नव्हे, 50 लाख. शिवाय हा कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही आणि साहित्यावर भरलेल्या कराचे क्रेडिटही मिळत नाही.

राजवाड्याजवळच्या दुकानाच्या नूतनीकरणाचे करासह 10 लाख ठरले, असे धरा. कंपोझिशनमध्ये कर 60,000. नियमित पद्धतीत 18 टक्क्यांनी सुमारे 1,52,500. पण त्यातून साहित्यावरचा कर वजा होतो. ही वजावट 92,500 च्या वर गेली, म्हणजे 18 टक्क्यांचे साहित्य सुमारे 5.14 लाखांहून जास्त लागले, की नियमित पद्धतच स्वस्त. निव्वळ मजुरीच्या कामात कंपोझिशन सरस, एवढेच मान्य. कंपोझिशनमध्ये विवरणपत्रांचा जाच कमी, हा मुद्दाही लंगडा आहे: 5 कोटींपर्यंतच्या उलाढालीला नियमित पद्धतीतही तिमाही विवरणपत्राची सोय आहे, कर तेवढा दरमहा भरायचा. आणि बऱ्हाणपूरपुढे, परराज्यात, जळगावचे काम घ्यायचे असेल, तर कंपोझिशनवाल्याला ते घेताच येत नाही.

आपला,
एक वाचक, राजवाडा, इंदूर