सात टेस्ला आणि गळका पोहरा

मागच्या शुक्रवारी हुफूफच्या कैसरिया बाजारात खजूर घेताना एका सोलापूरकर मित्राने विचारलं, "काय रे, तू एमआरआयवाला ना? माझ्या मानेचा एमआरआय सात टेस्लावर काढला तर दीडपेक्षा पाचपट स्पष्ट येईल का?" महिनाभर त्याच्या बोटांना मुंग्या येताहेत. टेस्ला म्हणजे गाडीची हॉर्सपॉवर, असा बऱ्याच जणांचा समज असतो. (तो आमच्याच धंद्यातल्या लोकांनी करून दिलाय म्हणा.)

चुंबक ताकदवान झाला की सिग्नल वाढतो, हे खरं. पण त्यासाठी आधी शरीरातल्या हायड्रोजनला रेडिओलहरींनी हलवावं लागतं, आणि चुंबक जितका मोठा तितकी ही लहर आखूड. दीड टेस्लाला ६४ मेगाहर्ट्‌झ लागतात, सातला जवळपास २९८. मग शरीराच्या आत लहरीची लांबी जेमतेम १२-१३ सेंटिमीटर उरते, म्हणजे साधारण मानेच्या रुंदीएवढी. वेगवेगळ्या बाजूंनी आलेल्या लहरींची कुठे बेरीज होते, कुठे वजाबाकी. वजाबाकी झाली तिथे चित्र काळं. ते काळं नेमकं मज्जारज्जूवर आलं, तर दोष रज्जूचा की यंत्राचा?

मेंदूत हा त्रास आहेच, पण मज्जारज्जू त्याहून अवघड. करंगळीएवढा जाड, चहूबाजूंनी हाड, पुढे श्वासागणिक हलणारी छाती. शिवाय सात टेस्लाच्या यंत्रात बहुधा अंगभर लहर सोडणारी कॉइल नसते, मानेखाली वेगळी ठेवावी लागते. तिच्याजवळच्या कातडीला लहर भरपूर मिळते, आतल्या रज्जूला कमी. बरं, जोर वाढवावा तर लहर दुप्पट केली की उष्णता चौपट! पेशंटला भाजून कसं चालेल? २०१७ साली अमेरिकेत सात टेस्लाला पहिली मान्यता मिळाली, तीही फक्त डोकं आणि हातपाय यांच्यासाठी, ते उगाच नाही.

उपाय आहेत. एका कॉइलऐवजी आठ ठेवायच्या आणि प्रत्येकीचा जोर आणि वेळ वेगवेगळी जुळवायची. उत्तम चालतं. फक्त ही जुळवाजुळव प्रत्येक पेशंटसाठी नव्याने, तो यंत्रात ताटकळत असताना करावी लागते. मेंदूसाठी बऱ्याच डोक्यांचा अभ्यास करून सगळ्यांना चालेल अशी तयार लहर २०१७ च्या सुमारास दाखवली गेली. मानेचं गणित जास्त वाकडं आहे. कुणाची आखूड, कुणाची पोक आलेली, खांदे तर प्रत्येकाचे निराळे. माझं मत विचाराल तर पैसा आणि माणसं इथे लागायला हवीत. पण कॉइलचं उद्घाटन करायला मंत्री येत नाहीत, चुंबकाचं करायला येतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड तुडुंब आहे, पोहराच गळका.

असो. मित्राला म्हटलं, सातचा नाद सोड. दीड किंवा तीन, जो जवळ असेल त्यावर काढ आणि उशीर करू नकोस. रज्जूवर दाब असेल तर तो तिथेही दिसतो. रविवारची वेळ घेतली त्याने. खजुराचे पैसे मात्र मलाच द्यायला लावले.